डॅक केव्हाच पिकला. घूं येते ती अर्थिंगच्या खड्ड्यातून

"भो, डॅक बदलला तर आवाज खुलेल का?" घरी बऱ्यापैकी स्पीकर लावणाऱ्यापासून हळदीच्या कार्यक्रमात मिक्सर सांभाळणाऱ्यापर्यंत बहुतेकांच्या डोक्यात हा प्रश्न असतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. अंकांचा आवाज करणारी ती चिप माणसाच्या कानापुरती केव्हाच पूर्ण पिकली आहे. तिच्यात अजून सुधारणा होतात, पण त्या मोजायच्या यंत्राला दिसतात, कानाला नाही. तरीही दोन डॅक वेगळे वाजतात, एखादा घुंघुं करतो, एखाद्यातून गाण्यातला गायकच गायब होतो. त्याची कारणं चिपच्या बाहेर असतात, आणि बहुतेक कारणं घरच्या घरी सापडतात.

डॅक म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणारा भाग. फोनमधलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाचं असेल तर डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला कमी-जास्त होणारा व्होल्टेज लागतो. आकडा वाचून तेवढा व्होल्टेज काढायचा, एवढंच डॅकचं काम. फोनमध्ये, टीव्हीत, ब्लूटूथ इअरबडमध्ये, गाडीच्या स्टिरिओत तो असतोच. वेगळी पेटी घेतली म्हणजे पहिल्यांदाच डॅक आला असं नसतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. आकडे तुटक असतात म्हणून बाहेर येणारी लहर जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांची असते, अशी चित्रं सगळीकडे दिसतात. तसं होत नाही. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये गणितानं सिद्ध केलं की सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या, म्हणजे या आकड्यांच्या, निम्म्यापेक्षा कमी कंपनसंख्येचा प्रत्येक स्वर त्या नमुन्यांतून पूर्णपणे परत मिळतो. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. माणूस तरुणपणी फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत, म्हणजे २०,००० हर्ट्झपर्यंत, ऐकतो आणि चाळिशीनंतर त्याहून बराच कमी. डॅकच्या आतला फिल्टर पायऱ्या घासून गुळगुळीत लहर बाहेर देतो.

वजनमापांची पद्धत

जुना डॅक समजायला मार्केट यार्डातला तराजू डोळ्यांसमोर आणा. सोळा वजनं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट: १ ग्रॅम, २, ४, ८... शेवटचं ३२,७६८ ग्रॅम, म्हणजे पावणेतेहेतीस किलोच्या किंचित वर. ही वजनं हवी तशी निवडली की ० ते ६५,५३५ ग्रॅममधलं कोणतंही वजन तोलता येतं. डॅकमध्ये वजनांच्या जागी रेझिस्टर असतात. दोनच किमतींच्या रेझिस्टरांची शिडी लावून हे दुप्पट-दुप्पट प्रवाह काढतात, म्हणून तिला आर-टूआर शिडी म्हणतात.

अडचण मोठ्या वजनात आहे. ते एक ग्रॅमनं जरी चुकलं तरी सगळ्यात छोट्या वजनाला अर्थ राहत नाही. म्हणजे अचूकता ०.००३ टक्क्यांच्या आत हवी. दुकानात मिळणारा चांगला रेझिस्टर १ टक्क्याचा असतो. तराजूच्या भाषेत ३२८ ग्रॅमची चूक. आणि ही चूक नेमकी नको तिथे लागते. लहरीचं शून्य आकड्यांच्या बरोबर मध्यावर असतं. लहर तिथून जाते तेव्हा आकडा ३२,७६७ वरून ३२,७६८ वर सरकतो, म्हणजे पंधरा छोटी वजनं एकदम काढून एकटं मोठं वजन ठेवावं लागतं. संगीत सतत शून्यातून जात असतं आणि हळू स्वर तर शून्याच्या आसपासच घुटमळतात. त्यामुळे चूक मोठ्या आवाजात लपते आणि बासरीच्या विरत जाणाऱ्या स्वरात उघडी पडते. "जुना डिजिटल आवाज कोरडा वाटायचा" या तक्रारीत तथ्य होतं ते इथे.

१९८२ मध्ये सीडी आली तेव्हा यावर दोन उपाय दिसले. सोनीच्या पहिल्या प्लेअरनं, सीडीपी-१०१ नं, १६ बिटांचा एकच डॅक बसवला आणि तो डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीनं वापरला. फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटांचीच चिप होती, टीडीए१५४०. त्यांनी ती चौपट वेगानं चालवली आणि उरलेली चूक पुढच्या आकड्यात ढकलत राहिले. त्यातून जवळपास १६ बिटांचं काम निघालं. कमी वजनांनी पण जास्त वेळा तोलायचं, ही युक्ती पुढे सगळ्या डॅकवर राज्य करणार होती. फिलिप्सचीच टीडीए१५४१ ही १६ बिटांची चिप नंतर आली. तिच्यातल्या वरच्या दर्जाच्या निवडक नगांवर मुकुटाचं चिन्ह असायचं. कारखान्यातून निघणारा माल सारखा नव्हता, आंब्यासारखी प्रतवारी करावी लागत होती, याचाच तो पुरावा. जुन्या बाजारात मुकुटवाली चिप आजही चढ्या भावानं विकली जाते आणि नकली मुकुटही भरपूर फिरतात. संग्रहासाठी घ्यायची तर घ्या, आवाजासाठी गरज नाही.

ठिबकची पद्धत

आजचे जवळपास सगळे डॅक वजनं तोलत नाहीत. ते ठिबक करतात. शेतात एकच व्हॉल्व्ह आहे, तो एकतर पूर्ण उघडतो किंवा पूर्ण बंद होतो, अर्धवट काही नाही. झाडाला पूर्ण धारेच्या तीन दशांश पाणी हवं असेल तर दहा क्षणांपैकी तीन क्षण उघडा. जमीन ते धक्के ओळखत नाही, तिच्यात सरासरी ओल मुरते. व्हॉल्व्ह जितका भराभर उघड-बंद होईल तितकी सरासरी नेमकी. यात मोठं-छोटं वजन जुळवायची भानगडच उरत नाही. चूक झाली तर ती पुढच्या क्षणात वळती करायची: आत्ता जरा जास्त पाणी गेलं, तर पुढच्या वेळी तेवढं कमी.

या पद्धतीला डेल्टा-सिग्मा म्हणतात. टोकियो विद्यापीठात इनोसे आणि यासुदा यांनी ती १९६२ मध्ये मांडली होती, पण एवढ्या वेगानं चालणाऱ्या स्वस्त चिप यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. १९९९ च्या एसएसीडीत (सुपर ऑडिओ सीडीत) तर गाणंच या रूपात साठवलं: एकच बिट, सेकंदाला २८,२२,४०० वेळा. चूक पुढे ढकलण्याचा आणखी एक फायदा म्हणजे खरखर नाहीशी होत नसली तरी २०,००० हर्ट्झच्या वर हाकलता येते. तिथे कान पोचत नाही आणि साधा फिल्टर ती छाटतो.

आताच्या चिपमध्ये एक व्हॉल्व्ह नसून थोडे व्हॉल्व्ह असतात आणि ते पाळीपाळीनं वापरले जातात. पाटाच्या पाण्याची पाळी असते तसंच. एखादा व्हॉल्व्ह किंचित गळका असला तरी त्याचा दोष सगळ्यांत वाटला जातो आणि खरखरीत विरून जातो.

डॅक पिकला तो या बदलामुळे. आधी अचूकता रेझिस्टर घासून आणावी लागे, ते महाग काम. नंतर ती बेरीज-वजाबाकी आणि घड्याळ यांच्यातून यायला लागली, आणि चिपवर या दोन गोष्टी दरवर्षी स्वस्त होत गेल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम५१०२ए ही अगदी साधी, छोट्या बोर्डांवर येणारी चिप ११२ डेसिबलची रेंज देते, म्हणजे पूर्ण आवाज आणि तिची स्वतःची खरखर यांत तेवढं अंतर. सीडीच्या १६ बिटांना मुळात ९८ लागतात. सिरस लॉजिकची सीएस४३१३१ फोनला लावायच्या छोट्या डाँगलमध्ये बसते आणि तिच्या माहितीपत्रकात १३० डेसिबल आहेत. ईएसएसच्या ईएस९०३८प्रोमध्ये १३२.

याच्या पुढे भिंत आहे आणि ती कोणत्याही कंपनीला ओलांडता येत नाही. कोणताही रेझिस्टर नुसत्या उष्णतेनं खरखर करतो. एक किलोओहमचा रेझिस्टर साध्या खोलीच्या तापमानाला, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, ०.५७ मायक्रोव्होल्टच्या आसपास खरखर देतो. डॅकचा नेहमीचा पूर्ण आवाज २ व्होल्टचा, म्हणजे ही खरखर त्याच्या १३१ डेसिबल खाली. आता २४ बिटांची सगळ्यात छोटी पायरी काढा: ०.३४ मायक्रोव्होल्ट. एका साध्या रेझिस्टरच्या उष्णतेपेक्षाही लहान. खोक्यावर ३२ बिट छापलेलं असतं ते आतल्या हिशेबाच्या रकान्याची रुंदी सांगतं. बाहेर वीस-एकवीस बिटांच्या फारसं पुढे काही येत नाही.

आणि कानाकडून पाहा. गावात रात्री, पंखा बंद करून, शांत खोलीत ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. पंखा लावला की ४५. गाण्याचा सगळ्यात मोठा ठोका १०० धरला तरी वापरात येणारी रेंज ७० डेसिबल. स्पीकरची विकृती खालच्या स्वरांना १ टक्क्यापर्यंत सहज जाते; साध्या डॅकची ०.००१ ते ०.००३ टक्के. जळगावात सोनं घेणाऱ्याला हे लगेच कळेल: ९९५ आणि ९९९ यांतला फरक यंत्र सांगतं आणि भावात तो धरावाही लागतो, पण गळ्यात घातल्यावर तो कुणाला दिसत नाही. डॅकमध्ये तर भाव लावायलाही तो फरक पुरेसा नाही.

मग डॅकच्या पेट्या वेगळ्या का वाजतात?

सगळ्यात मोठं कारण अगदी साधं आहे: एकाचा आवाज मोठा असतो. फोनचं साधं डाँगल साधारण १ व्होल्ट देतं, टेबलावरची पेटी २ व्होल्ट. ६ डेसिबलचा फरक. पण फरक अर्ध्या डेसिबलचा असला तरी कानाला तो "मोठा" वाटत नाही, "स्पष्ट", "खुललेला" वाटतो. दुकानातली तुलना, यूट्यूबवरची तुलना, मित्राच्या घरची तुलना, सगळ्या इथेच फसतात.

खरी तुलना करायची असेल तर २०० हर्ट्झचा सलग सूर फोनवर वाजवा (सूर देणारी फुकट ॲप आहेत), हेडफोन काढून ठेवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून डॅकच्या बाहेरचा व्होल्टेज मोजा. मीटरच्या सुया पिनेच्या टोकाला आणि मुळाला. हजार हर्ट्झचा सूर घेऊ नका, स्वस्त मीटर तिथे खोटं दाखवतात. दोन्ही डॅक एक टक्क्याच्या आत जुळवा: एक १.०० व्होल्ट देत असेल तर दुसरा ०.९९ ते १.०१. मग दुसऱ्या कुणाला तरी वायर बदलायला लावा आणि कोणता चालू आहे ते न बघता सोळा वेळा ओळखा. नाणं उडवूनही आठ बरोबर येतात, त्यामुळे बारा-तेराच्या खाली आलात तर फरक ऐकू आला असं म्हणू नका. बहुतेक जण नऊ-दहावर अडकतात आणि मग मीटरवर शंका घेतात.

काही फरक मात्र खरे असतात. अलीकडची गाणी इतकी फुगवून बनवलेली असतात की आकडे छताला टेकलेले असतात आणि दोन आकड्यांच्या मधली लहर छताच्या वर जाते. डॅकच्या फिल्टरमध्ये तेवढी जागा ठेवलेली नसेल तर ती तिथे कापली जाते आणि टाळी, झांज, डफ कर्कश होतात. उपाय फुकट आहे: प्लेअरमध्येच आवाज ३ डेसिबल खाली ठेवा आणि ॲम्पवर वाढवा. काही पेट्यांत "फिल्टर मुद्दाम काढून टाकलाय, आवाज नैसर्गिक येतो" अशी जाहिरात असते. सीडीच्या गाण्याला त्यात २०,००० हर्ट्झला ३ डेसिबलची घट येते आणि वर नको ती पिल्लं राहतात. कुणाला ती किंचित मवाळ चव आवडते. आवडू द्या, पण ती सुधारणा नव्हे.

हेडफोनच्या बाबतीत डॅकपेक्षा त्याच्या पुढचा ॲम्प महत्त्वाचा. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (आतला रोध) हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी हवा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. जुन्या मिक्सर-ॲम्पच्या हेडफोन जॅकमध्ये शंभरहून अधिक ओहमचा रेझिस्टर मालिकेत असतो, तिथे बास सैल आणि फुगलेला येतो.

आणि जिटर. घड्याळ डगमगलं तर आकडा चुकीच्या क्षणी बाहेर पडतो. १०० पिकोसेकंदांची डगमग १०,००० हर्ट्झच्या सुरात १०४ डेसिबल खाली चूक टाकते. आजच्या यूएसबी डॅकमध्ये घड्याळ डॅकच्याच आत असतं आणि संगणकच त्याच्या तालावर आकडे पाठवतो. जिटर हा विषय तिथे संपला. "ऑडिओफाइल" यूएसबी केबलवर खर्च केलेले पैसेही तिथेच संपतात.

अडॅप्टर, ब्लूटूथ, टीव्ही

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर टाइप-सीचं हेडफोन अडॅप्टर मागितलं तर दोन प्रकार मिळतात आणि दिसायला ते सारखेच असतात. एकात फक्त वायर असते. फोनच्या आतला डॅक पोर्टवर आवाज सोडत असेल तरच ते चालतं. दुसऱ्यात डॅक असतो. फोन पोर्टवर आवाज सोडत नसेल तर वायरवालं अडॅप्टर मुकं बसतं आणि लोक फोन दुरुस्तीला टाकतात. ओळखायची सोपी खूण: लॅपटॉपला लावा. लॅपटॉपनं नवीन साउंड डिव्हाइस दाखवलं तर आत डॅक आहे. हजार रुपयांच्या आसपास मिळणारं ॲपलचं डाँगल सीडीच्या गरजेपेक्षा चांगलं मोजलं गेलेलं आहे. मात्र काही अँड्रॉइड फोनवर ते पूर्ण आवाज देत नाही, हे घेण्याआधी आपल्याच फोनला लावून बघा.

ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर फोनला कितीही भारी डॅक लावा, तो कामालाच येत नाही. आकडे हवेतून जातात आणि आवाज हेडफोनमधला डॅक करतो. तिथे अडथळा आकुंचनाचा असतो, म्हणजे आकडे दाबून लहान करण्याचा: साध्या एसबीसी पद्धतीत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट, एलडॅकमध्ये ९९० पर्यंत. आणि मुळात अहिराणी गाणं यूट्यूबवरून वाजत असेल, तेही कुणीतरी तिसऱ्यांदा डाउनलोड करून चढवलेलं, तर त्यातले कापले गेलेले ठोके कुठलाच डॅक परत आणत नाही.

टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून डॅकला जोडलं आणि आवाजच आला नाही, किंवा नुसता सूंऽऽ आला, तर डॅक खराब समजू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "ऑटो" किंवा "डॉल्बी" असतो, तो "पीसीएम" करा.

गायक गायब होतो तेव्हा

हळद, जागरण, कानबाईचा रोट, बँजो पार्टी, सगळीकडे घडणारी गोष्ट: फोनचं गाणं मिक्सरला जोडलं की ढोलकी येते, एको येतो, गायक मात्र विहिरीत पडल्यासारखा लांबून येतो. दोष लगेच डॅकला किंवा फोनला. खरं कारण वायरमध्ये आहे. फोनची पिन स्टिरिओ असते: टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा, मुळाला जमीन. मिक्सरचं मोठं सॉकेट बॅलन्स्ड असतं. ते टोक वजा कडं असा हिशेब करतं. गायक डाव्या-उजव्यात सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. एका पिनेतून दोन मोनो पिना निघणारी केबल घ्या, दोन चॅनल वापरा, एक पूर्ण डावीकडे आणि एक उजवीकडे फिरवा. एकच चॅनल मोकळा असेल तर डाव्या-उजव्याला प्रत्येकी १ किलोओहमचा रेझिस्टर लावून एकत्र करा. थेट पिळून एकत्र करू नका, दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात.

दुसरी चूक म्हणजे माइकच्या सॉकेटमध्ये गाणं घालणं. माइक देतो काही मिलिव्होल्ट, डॅक देतो १ ते २ व्होल्ट. गेन शून्यावर ठेवला तरी फाटतं. लाइन इन वापरा, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स (आवाज माइकच्या पातळीला उतरवणारी डबी) लावा. आणि त्या सॉकेटवर ४८ व्होल्टचं फँटम (कंडेन्सर माइकला वायरीतून दिली जाणारी वीज) चालू असेल तर ते उलट डॅकमध्ये शिरतं. कंडेन्सर माइक लावायच्या घाईत हे बटण बऱ्याचदा सगळ्या चॅनलना मिळून एकच असतं, हे विसरलं जातं आणि फोनचं डाँगल जळतं.

घूं आणि झर्र

डॅक मुकाटपणे आपलं काम करत असतो, घूं दुसरीकडून येते. आधी आवाज ओळखा. गोल, खर्जातली घूं म्हणजे ५० हर्ट्झ. दोन उपकरणांच्या जमिनींमध्ये प्रवाह वाहतोय. तिखट झर्र म्हणजे १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटी; कुठल्यातरी पॉवर सप्लायचा कॅपॅसिटर थकलाय किंवा घर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चाललंय. भारनियमनात लाइट गेल्या गेल्या झर्र सुरू होत असेल तर शोधायला नको, इन्व्हर्टरच. माउस हलवला की चिर्र-चिर्र होत असेल तर संगणकाची यूएसबी लाइन.

लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं थांबली तर कारण असं: चार्जरच्या आत मेन्सपासून बाहेरच्या बाजूला छोटे कॅपॅसिटर असतात, त्यांतून किंचित प्रवाह सतत गळतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो. नसेल, किंवा चार्जर दोन पिनांचा असेल, तर लॅपटॉपचं अंग साधारण अर्ध्या मेन्स व्होल्टेजवर तरंगतं. धातूच्या कडेवरून मनगट फिरवलं की मुंग्या येतात त्या याच. त्या प्रवाहाला जमिनीत जायला डॅक ते ॲम्प या ऑडिओ केबलची जाळीच सापडते, आणि जाळीवरचा व्होल्टेज म्हणजे स्पीकरमधली घूं.

खान्देशात हे एप्रिल-मेमध्ये वाढतं. काळी कापसाची जमीन भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल उडते आणि पट्टीचा मातीशी संपर्क सुटतो. पावसाळ्यात बरा वाजणारा सेट उन्हाळ्यात घुंघुं करायला लागला तर डॅक बदलण्याआधी खड्ड्यात पाणी सोडा. कोळसा-मिठाचा थर जुना झाला असेल तर वायरमनकडून भरून घ्या आणि रोध मोजून घ्या. ५ ओहमच्या आत असावा. भाड्याच्या बऱ्याच खोल्यांत तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते, तेही तपासा.

एवढं करूनही घूं राहिली तर डॅक, ॲम्प, लॅपटॉप सगळं एकाच स्पाइक बोर्डवर आणा. टीव्ही असेल तर केबलची किंवा डिशची वायर काढून बघा, बऱ्याच वेळा घूं तिथून शिरते. टीव्हीला ऑप्टिकल वापरा. त्यात तांबं नसतं, जमीनच जुळत नाही. शेवटचा उपाय ६००:६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. स्वस्तात मिळतो, खालचा बास थोडा पातळ करतो पण घूं मुळापासून तोडतो. ॲम्पची तिसरी पिन कापायचा सल्ला कुणी देईल. घूं जाते हे खरं, पण ॲम्पमध्ये बिघाड झाला तर त्याच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. ते करायचं नाही.

स्वतः बांधायचा असेल तर

डॅक किती पिकलाय हे बघायचं तर पीसीएम५१०२एचा जांभळा बोर्ड घ्या आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडा. पायच्या २ नंबरच्या पिनेवरून ५ व्होल्ट, ६ वरून जमीन, १२ वरून बीसीके, ३५ वरून एलआरसीके, ४० वरून डीआयएन (ही बोर्डवरच्या पिनांची नावं). वायरी चार इंचांच्या आत ठेवा. कॉन्फिग फाइलमध्ये हायफायबेरी-डॅक हा ओव्हरले चालू करा आणि पायचा स्वतःचा ऑडिओ बंद. न वाजण्याची नेहमीची कारणं दोन. बोर्डवरची एससीके पिन मोकळी सोडलेली असते. ती जमिनीला जोडली की चिप स्वतःचं घड्याळ बनवते. आणि बोर्डच्या मागचे चार सोल्डर जंपर न भरता बोर्ड येतो. पहिला, दुसरा, चौथा "लो" कडे आणि तिसरा "हाय" कडे भरायचा. तिसरा म्यूटचा आहे, तो राहिला की सगळं बरोबर दिसतं आणि आवाज शून्य. पायला फोनचा स्वस्त चार्जर लावू नका, नाहीतर वरची झर्र इथेही भेटेल.

बाजारातल्या तयार पेटीत बघायचं ते वेगळं. चिपचं नाव सगळ्यात शेवटी. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओकातला एकेएम या डॅकच्या चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना जळाला, तेव्हा अनेक कंपन्यांनी त्याच पेटीत ईएसएसची चिप बसवून माल चालू ठेवला. हे जमलं, कारण चिप आता अदलाबदल करण्याजोगा भाग झाला आहे. आधी सॉकेट किती घट्ट आहे ते बघा, व्हॉल्यूमचा नॉब खरखरतो का ते फिरवून बघा, आणि ड्रायव्हरशिवाय चालतो का ते विचारा. आणि कुठे ठेवणार ते ठरवा. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांनी निम्मं होतं. भुसावळच्या मे महिन्यात बंद कपाटात, ॲम्पच्या डोक्यावर ठेवलेली पेटी सहज ६० अंशांवर जाते. तीच उघड्या फळीवर ४५ वर राहिली तर जवळपास तिप्पट टिकेल.

डॅकवर वाचलेले पैसे स्पीकरकडे वळवा आणि थोडी मेहनत खोलीवर घ्या. स्लॅबची १० बाय १२ ची खोली, फरशी, उघड्या भिंती. अशा खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास बास घुमतो, आणि तिथला चढ-उतार १० डेसिबलचा असू शकतो. डॅकचा पूर्ण पट्ट्यातला चढ-उतार एक दशांश डेसिबलचाही नसतो. स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट बाहेर काढा, बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यावरून हलवा, समोरच्या भिंतीवर दुहेरी गोधडी टांगा. गोधडीनं बासचं घुमणं जात नाही, ते जागा बदलूनच कमी होतं. पण टाळी वाजवल्यावर येणारी टणटण थांबते आणि गायकाचे शब्द मोकळे होतात.